झुकिनी मराठी कढईत

स्वारगेटच्या दोन अंगांना पुण्याचे दोन मोठे भाजीबाजार आहेत. एका बाजूला महात्मा फुले मंडई, दुसऱ्या बाजूला गुलटेकडीचं छत्रपती शिवाजी मार्केट यार्ड. 29 सप्टेंबर 2024 रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला आणि मंडई व स्वारगेट ही शेजारशेजारची स्थानकं झाली. मार्केट यार्ड तर स्वारगेटहून चालतही गाठता येतं. पहाटे यार्डातल्या गाळ्यांवर उतरलेला माल सकाळी उजाडून थोडा वेळ जातो न जातो तोच मुकुंदनगर, सहकारनगर, बिबवेवाडीच्या हातगाड्यांवर आलेला असतो. त्यात आता मेथी, गवार, दोडक्याच्या जोडीला ब्रोकोली, लाल कोबी, रंगीत ढोबळी मिरची आणि झुकिनी असते. यार्डातले व्यापारी या साऱ्यांना ‘एक्झॉटिक’ म्हणतात, कुणी हातगाडीवाले ‘चायनीज भाजी’ म्हणतात. चीनशी तिचा संबंध नाही, पण गिऱ्हाइकाला काय ते कळतं.

ब्रोकोलीचा प्रश्न लवकर सुटला. ती फ्लॉवरसारखी करता येते हे दिसताच कळतं. झुकिनीचं तसं झालं नाही. ती दिसते काकडीसारखी, कापल्यावर वाटते कोवळ्या दुधीसारखी, आणि शिजवायला घेतली की दोघींसारखीही वागत नाही. म्हणून ती घरी येते ती पास्त्यासाठी, सिझलरसाठी किंवा वजन कमी करायचं ठरवलेल्या मुलाच्या सॅलडसाठी. उरलेली अर्धी फ्रिजच्या खणात मऊ पडते आणि शेवटी दुधीच्या भाजीत ढकलली जाते. ती भाजी पाणचट होते आणि ‘आपल्याकडे ही चालत नाही’ असा निकाल लागतो.

हा निकाल मला मान्य नाही. झुकिनी मराठी शाकाहारी स्वयंपाकात उत्तम बसते, पण दुधीच्या जागी नव्हे. तिची खरी जागा घोसाळं, कोवळा दोडका आणि काकडी यांच्या रांगेत आहे. ही जागा ओळखली तर तिच्यासाठी एकही नवा पदार्थ शोधावा लागत नाही. आजीच्या वहीतल्या कृती पुरतात. या लेखात तेच तपासून पाहायचं आहे: ती आली कुठून, पिकते कशी, कशात जमते, कशात फसते, आणि ती घ्यावी कधी.

वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात झुकिनी हा भोपळाच आहे. कुकुर्बिटा पेपो ही तिची जात. मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात गिला नाकित्झ नावाची गुहा आहे. तिथे सापडलेल्या या जातीच्या बिया सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या आहेत आणि त्या लागवडीच्या पिकाच्या आहेत, रानातल्या नव्हेत. अमेरिका खंडात मका रुजण्याच्याही आधी माणसाने हा भोपळा माणसाळवला होता. कोलंबसानंतर तो युरोपात गेला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीत मिलानच्या परिसरात त्यातून आजची लांबट, गुळगुळीत, कोवळी असतानाच तोडायची झुकिनी निवडून काढली गेली. 1920 च्या दशकात इटालियन स्थलांतरितांबरोबर ती अमेरिकेत परतली. म्हणजे ही भाजी ‘इटालियन’ झाली त्याला फार तर दीडशे वर्षं झाली.

आपल्या देशातही ती अगदी काल आलेली नाही. उत्तर भारतात ‘छप्पन कद्दू’ नावाने मिळणारी भाजी याच जातीची, झुकिनीची सख्खी बहीण. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने ‘पंजाब छप्पन कद्दू-1’ हे वाण दिलं, भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा अलंकार’ हा संकर दिला. पंजाब-हरियाणातल्या घरांत ती जिरं, आलं, धणे घालून टिंड्यासारखी परतली जाते आणि पोळीबरोबर खाल्ली जाते. तिला तिथे कुणी परदेशी म्हणत नाही. आपल्याकडे ती शेतातून स्वयंपाकघरात न येता हॉटेलच्या मेन्यूवरून स्वयंपाकघरात आली, एवढाच फरक. पण तो महत्त्वाचा आहे. जी भाजी आधी बशीत दिसते आणि मग बाजारात, तिच्याबद्दल मनात एकच कृती घट्ट बसते.

परदेशातल्या मराठी घरांनी हा गुंता वेगळ्या टोकाने सोडवला. 1965 च्या कायद्याने अमेरिकेचे दरवाजे उघडल्यावर जी मराठी डॉक्टर-इंजिनियर मंडळी तिकडे गेली, त्यांना आरंभीच्या काळात दोडका, पडवळ, घोसाळं सहज मिळत नव्हतं. झुकिनी मात्र कुठल्याही दुकानात होती आणि परसात लावली तर आवरत नसे. उन्हाळ्यात तिथे तिचा इतका सुकाळ होतो की 8 ऑगस्ट हा शेजाऱ्याच्या ओट्यावर गुपचूप झुकिनी ठेवून यायचा दिवस म्हणून गमतीने पाळला जातो. मराठी बायकांनी त्या स्वस्त, विपुल भाजीला मोहरी-हिंगाची फोडणी दिली, मूगडाळ घातली, बेसन पेरलं. तिथे ती गरजेची भाजी होती, इथे ती हौसेची झाली. सुटीत पुण्याला आलेल्या मावशा-काकवांनी ‘अगं, आम्ही तर हिचा झुणका करतो’ असं सांगितलं त्या घरांत ती लवकर रुळली.

आता मूळ अडचणीकडे येऊ. झुकिनीत सुमारे 95 टक्के पाणी असतं. दुधीतही जवळजवळ तेवढंच असतं, पण दुधीचा गर घट्ट विणीचा. तो हळूहळू शिजतो, पाणी हळूहळू सोडतो आणि फोड फोडच राहते. झुकिनीच्या गराची वीण सैल. मीठ लागलं की दहा मिनिटांत पाणी सुटतं. झाकण ठेवलं की ते पाणी कढईतच राहतं आणि फोडी परतल्या न जाता उकडल्या जातात. कुकरमध्ये तर शिट्टी होईपर्यंत तिचा लगदा होतो. आपली सर्वसाधारण फळभाजी करायची रीत म्हणजे फोडणी, फोडी, मीठ, झाकण, मंद आच. ही रीत दुधी-दोडक्याला अचूक लागू पडते, झुकिनीचा मात्र घात करते. तिला उलटी रीत हवी: पसरट लोखंडी कढई किंवा तवा, मोठी आच, झाकण नाही, मीठ शेवटी. फोडी जाड हव्यात, निदान अर्धा इंच. साल काढू नये. फोडीला धरून ठेवणारी तीच आहे आणि रंगही तिच्यातच आहे.

एवढं सांभाळलं की सगळ्यात आधी करून पाहावी अशी भाजी म्हणजे पीठ पेरलेली. अर्धा किलो झुकिनीला चार मोठे चमचे बेसन पुरतं. बेसन आधी कोरडं, खमंग वास येईपर्यंत भाजून बाजूला ठेवायचं. कढईत नेहमीपेक्षा किंचित जास्त तेल तापवून मोहरी, हिंग, हळद, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची. त्यावर फोडी मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं, एखाद-दोन कडा तांबूस होईपर्यंत हलवायच्या. मग बेसन पेरायचं, आणि त्याच्यावर मीठ. क्रम हाच ठेवायचा. मीठ पडल्यावर झुकिनी जे पाणी सोडते ते बेसन पिऊन घेतं, त्या वाफेवरच ते शिजतं, आणि वरून पाण्याचा हबका मारायची गरज उरत नाही. दुधीच्या भाजीत जो तिचा दोष, तोच इथे गुण ठरतो. बेसनाऐवजी ज्वारीचं भाजलेलं पीठ घेतलं तर भाजी अधिक रवाळ होते. भाकरीबरोबर ही भाजी ढोबळी मिरचीच्या किंवा कांद्याच्या पातीच्या पीठ पेरलेल्या भाजीच्या तोडीची होते, हे मी पूर्ण जबाबदारीने म्हणते.

थालीपीठ हे तिचं दुसरं हक्काचं घर. काकडीचं थालीपीठ ज्यांना येतं त्यांना वेगळं शिकायचं काही नाही. झुकिनी सालासकट किसायची, मीठ लावून दहा मिनिटं ठेवायची, पिळायची, आणि पिळलेलं पाणी टाकून न देता त्यातच भाजणी भिजवायची. एक वाटी पिळलेल्या किसाला साधारण दीड वाटी भाजणी लागते. तीळ, ओवा, कोथिंबीर, तिखट घरच्या चवीने. भाजणीतली धणे-जिऱ्याची चव पुढे असते आणि झुकिनी फक्त ओलावा व लुसलुशीतपणा देते. थालीपीठ गार झाल्यावरही वातड होत नाही. डब्यासाठी आणि प्रवासासाठी म्हणूनच ते चांगलं. स्वारगेटहून सकाळची एसटी धरणाऱ्याने रात्रीच करून ठेवावं असं.

भरिताबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथे बरेच जण चुकीच्या बाजूने सुरुवात करतात. वांग्यासारखी अख्खी झुकिनी गॅसच्या आचेवर धरली तर तिचं पातळ साल लगेच करपतं, आत गर कच्चाच राहतो, आणि धुराचा वास गरात उतरत नाही. वांग्याचा गर तो वास शोषून घेतो, झुकिनीचा घेत नाही. तिचं भरीत करायचं ते घोसाळ्याच्या भरिताच्या धर्तीवर. उभी दोन भाग करून, कापलेली बाजू खाली ठेवून, कोरड्या गरम तव्यावर चांगले तपकिरी डाग पडेपर्यंत भाजायची. मग सुरीने जाडसर चिरायची, ठेचायची नाही. गार झाल्यावर घट्ट दही, बारीक चिरलेला कांदा, मिरची, कोथिंबीर आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी. कांदा नको असेल तेव्हा फेसलेल्या मोहरीचं दही घालावं. मोहरीचा झणका आणि झुकिनीचा सौम्य गोडवा यांचं फार चांगलं जमतं. माझ्या मते झुकिनीचा आपल्याकडचा सर्वांत देखणा पदार्थ हाच आहे.

कोवळी, बोटभर जाडीची झुकिनी कच्चीही खाता येते. खमंग काकडीच्या रीतीने कोचवून दाण्याचं कूट, लिंबू, साखर-मीठ आणि जिरं-मिरचीची फोडणी घातली की कोशिंबीर होते. काकडीचा ताजा वास तिला नाही, हे खरं. त्यामुळे ज्या दिवशी चांगली काकडी घरात आहे त्या दिवशी झुकिनीची कोशिंबीर करण्यात अर्थ नाही.

कोकण-गोव्याकडचे काप मात्र तिच्यासाठी जणू करून ठेवलेले आहेत. सुरण, वांगं, नीरफणस यांचे जसे, तसेच. पाऊण इंच जाडीच्या गोल चकत्यांना हळद, तिखट, हिंग चोळायचं आणि मीठ चकतीला न लावता वरच्या तांदळाच्या पिठात आणि रव्यात मिसळायचं. तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजू कुरकुरीत. वरणभाताबरोबर गरमागरम वाढले तर मुलं भाजीचं नाव विचारत नाहीत. भजीही होतात, पण भज्यांत घोसाळ्याला जो गोडसर रसाळपणा आहे तो झुकिनीला नाही, आणि घोसाळं मिळत असताना झुकिनीची भजी तळणं मला पटत नाही. फुलं मिळाली तर गोष्ट वेगळी. इटलीत झुकिनीची फुलं पिठात बुडवून तळतात, कोकणात भोपळ्याच्या फुलांची भजी करतात. दोन्ही एकाच कुळातली फुलं आणि जवळपास एकच कृती. गच्चीवर झुकिनी लावणाऱ्यांनी नरफुलं वाया घालवू नयेत, फक्त परागीभवनासाठी काही झाडावर ठेवावीत.

भरली झुकिनी मध्यम जमते. भरल्या वांग्याची मजा अशी की वांगं तेल आणि गोडा मसाला दोन्ही आत ओढून घेतं. झुकिनी काही ओढून घेत नाही, उलट मसाल्याला पाणी देते आणि तो बाहेर येतो. हा पदार्थ करायचाच असेल तर लांब फाका करून मधला गर कोरावा, दाण्याचं कूट, भाजलेलं खोबरं, तीळ आणि गोडा मसाला यांचं सारण अगदी कोरडं ठेवावं, आणि रस्सा न करता तव्यावर किंवा ओव्हनमध्ये भाजावं. मूगडाळ घालून केलेली भाजी चांगली होते, पण डाळ आणि झुकिनी यांचा वेळ सारखा नाही. भिजवलेली डाळ आधी जवळजवळ शिजवून घ्यायची, झुकिनी शेवटच्या पाच मिनिटांत.

आणि काही पदार्थांत तिला घालूच नये. हलव्यात ती फसते. दुधीच्या किसाला धागा असतो, तो दुधात आटूनही टिकतो. झुकिनीचा कीस विरघळतो आणि खवा-साखरेचा हिरवट गोळा उरतो. घारग्यांना लाल भोपळ्याचा गोडवा आणि पिठूळपणा लागतो, तो हिच्याकडे नाही. उसळ, सांबार, कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा रस्सा, यांत ती चव देत नाही आणि घेतही नाही. पावभाजीत घातली तरी चालते, पण तिथे ती असली काय नि नसली काय, सारखंच.

उपवासाला ती चालते का, हा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण नवी भाजी घरात रुजली की नाही हे याच प्रश्नावरून कळतं. आपलं उपवासाचं ताट एकदा नीट पाहावं. बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची, लाल भोपळा, राजगिरा: सगळे मुळात अमेरिका खंडातले. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून सेलमकडे तयार होतो, तोही तिथलाच. आपली म्हणावी अशी वरी, शिंगाडा, सुरण, केळं, दूध-तूप आणि जिरं. पोर्तुगीज जहाजं आपल्या किनाऱ्याला लागण्यापूर्वी एकादशीच्या ताटात यातल्या निम्म्या गोष्टी असणं शक्यच नव्हतं. ऋषिपंचमीच्या भाजीतही लाल भोपळा आणि मका असतो. पूर्वजांनी नव्या पिकांची पारख केली, ती पोटाला मानवतात हे पाहिलं आणि देवघरापर्यंत नेली. लाल भोपळा आणि काकडी ज्या घरात उपवासाला चालते त्या घरात कोवळा भोपळाच असलेली झुकिनी नाकारायला शास्त्राचा काही आधार दिसत नाही. जिरं-मिरची, दाण्याचं कूट आणि तुपाची फोडणी घालून तिची उपवासाची भाजी पाच मिनिटांत होते. शेवटी हा प्रत्येक घराचा निर्णय आहे, आणि तो घरातल्या मोठ्यांनी घ्यावा.

गुलटेकडी, मुकुंदनगर, बिबवेवाडी या पट्ट्यात जैन कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. कंदमूळ वर्ज्य असलेल्या स्वयंपाकघरात जमिनीवर येणारी, कांदा-लसणाशिवाय चांगली लागणारी भाजी उपयोगी पडते. बटाट्याच्या जागी कच्चं केळं वापरणारं स्वयंपाकघर झुकिनीलाही सहज हाताळतं. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं सोडणाऱ्या मराठी घरांनाही हेच लागू पडेल असं वाटतं, पण तिथे एक अडचण आहे, ती ऋतूची.

झुकिनीला पावसाळा मानवत नाही. ती वेल नव्हे, झुडूप आहे. दोडक्या-दुधीला मांडव लागतो, हिला लागत नाही. गादीवाफा, मल्चिंग, ठिबक आणि दोन रोपांत पुरेसं अंतर एवढ्यावर ती येते. पेरल्यापासून साधारण दीड महिन्यात तोडा सुरू होतो आणि तीन महिन्यांच्या आत पीक संपतं. थोडक्या काळात पैसा फिरतो म्हणून पुणे, सातारा, नाशिक जिल्ह्यांतले शेतकरी तिच्याकडे वळले. पण नर आणि मादी फुलं वेगवेगळी असल्याने मधमाशी आली नाही तर फळ धरत नाही, धरलं तर टोकाला सडतं. ढगाळ हवेत भुरी येते, फळमाशी आणि विषाणूजन्य रोग पाठ सोडत नाहीत. झड लागली की माल घटतो, डागाळतो आणि भाव चढतो. नेमके तेव्हाच, श्रावण-भाद्रपदात, घोसाळी, पडवळ, दोडकी, कर्टुली ऐन बहरात असतात. त्या दिवसांत महागडी, डागाळलेली झुकिनी घेणं म्हणजे पैसे देऊन उणी भाजी घेणं. तिचे खरे दिवस दिवाळीनंतरचे, होळीपर्यंतचे.

शेतकऱ्याची सगळ्यात मोठी अडचण आकाराची आहे. झुकिनी एका दिवसात डोळ्यांदेखत वाढते. वीतभर लांबीची, दीडशे-दोनशे ग्रॅमची असताना तोडली तर तिला गिऱ्हाईक आहे. एक दिवस तोडा चुकला की ती दुप्पट होते आणि हॉटेलवाला ती घेत नाही. तोड जवळजवळ रोज करावी लागते, मजुरी चढते, आणि मोठी फळं मातीमोल भावाने जातात किंवा बांधावर पडतात. घरगुती स्वयंपाकाचा इथे खरा उपयोग होऊ शकतो. हॉटेलला एकसारख्या चकत्या हव्या असतात, घराला नाही. मोठी झुकिनी उभी चिरून मधला स्पंजासारखा गर आणि बिया काढल्या की उरलेला भाग थालीपीठ, पराठे, मुटके, कोफ्ते, धिरडी यांसाठी उत्तम. राज्य कृषी पणन मंडळाचं मुख्य कार्यालय गुलटेकडीच्या याच यार्डात आहे, आणि त्यांच्या पुढाकाराने शहरात शेतकरी आठवडे बाजार भरतात. तिथे मोठ्या झुकिनीचा वेगळा, स्वस्त ढीग लावला आणि त्यावर ‘थालीपिठाची’ अशी पाटी लावली तर शेतकऱ्याचंही नुकसान टळेल आणि गिऱ्हाइकाचाही फायदा होईल. हे अवघड काम नाही.

तब्येतीच्या नावाखाली झुकिनीचा जो गवगवा होतो, त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. शंभर ग्रॅम कच्च्या झुकिनीत साधारण 17 किलोकॅलरी असतात, दुधीत 14 च्या आसपास. क जीवनसत्त्व झुकिनीत सुमारे 18 मिलिग्रॅम, दुधीत सुमारे 10. पोटॅशियम बऱ्यापैकी, प्रथिनं जेमतेम सव्वा ग्रॅम. नूडल्सच्या जागी झुकिनीच्या लांब शेवया खाल्ल्या तर पिष्ट आणि उष्मांक कमी होतात हे खरं, पण काकडी, पडवळ, दोडका, दुधी खाणाऱ्या घराला यात नवं काही मिळत नाही. मधुमेह आटोक्यात आणणारी किंवा वजन उतरवणारी म्हणून ती दुप्पट-तिप्पट भावाने घेणाऱ्यांनी ते पैसे डाळी आणि कडधान्यांवर खर्च केले तर जास्त हिताचं. ती घ्यावी ती चवीसाठी आणि बदलासाठी.

एक गोष्ट मात्र हलक्याने घेऊ नये. काकडी-दुधी-भोपळ्याच्या कुळात कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. बाजारातल्या वाणांत ती निवडीने जवळजवळ नाहीशी झाली आहेत, पण झाडाला ताण पडला किंवा शोभेच्या रानटी भोपळ्याशी परागसंकर झालेलं बी पेरलं गेलं, तर ती परत येतात. शिजवल्याने ती जात नाहीत. 2015 मध्ये जर्मनीत घरच्या बागेतली कडू झुकिनी खाऊन एक वृद्ध गृहस्थ दगावले. आपल्याकडे कडू दुधीचा रस पिऊन मृत्यू झाल्याच्या घटना घडल्या आहेत, पुण्यातही 2018 मध्ये तसं झालं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने कडू दुधीचा रस अजिबात पिऊ नये असं स्पष्ट सांगितलं आहे. म्हणून चिरताना टोकाकडची एक छोटी चकती जिभेवर ठेवून पाहावी. कडू लागली तर थुंकावी आणि ती झुकिनी टाकून द्यावी. पैसे वाया जातात म्हणून मसाला वाढवून खपवू नये. गच्चीवर बाग करणाऱ्यांनी संकरित झुकिनीचं घरचं बी पुढच्या वर्षी पेरू नये.

घेताना साल चकचकीत आणि ताठ, देठ हिरवा, वजन आकाराच्या मानाने जास्त. बोटाने दाबून मऊ लागली तर ठेवून द्यावी. हिरवीत आणि पिवळीत चवीचा फरक फार थोडा, पिवळी किंचित गोडसर. घरी आणल्यावर धुऊ नये, कोरडी ठेवावी, आणि फ्रिजच्या सर्वांत थंड कप्प्यात न ठेवता भाजीच्या खणात ठेवून चार-पाच दिवसांत संपवावी. फार थंडीत तिच्या सालीवर खळगे पडतात.

इतकं सारं पाहिल्यावर माझा कौल असा: हिवाळ्यात, भाव दुधी-दोडक्याच्या जवळपास असताना, झुकिनी आठवड्यातून एकदा जरूर आणावी. पीठ पेरून, थालीपिठात, भरितात आणि कापांत ती आपल्या कोणत्याही फळभाजीला हार जात नाही. पावसाळ्यात तिला सुटी द्यावी आणि घोसाळ्या-पडवळांकडे वळावं. आज पुष्कळ घरांत मुलांना झुकिनी ओळखू येते आणि घोसाळं ओळखू येत नाही. ती दोन्ही ओळखतील असं स्वयंपाकघर आपण ठेवायला हवं.

एक पदार्थ मात्र अजून तपासायचा राहिला आहे. कोहळ्याच्या किसाचे सांडगे आपण उन्हात वाळवतो. मोठ्या, जून झुकिनीचा पिळलेला कीस उडदाच्या किंवा मुगाच्या वाटणात घालून तसे सांडगे होतील असं वाटतं, आणि तसं झालं तर बांधावर पडणाऱ्या मालाला वर्षभराचा उपयोग मिळेल. ज्या वाचकांच्या घरी ते उन्हाळ्यात घातले गेले असतील, त्यांनी प्रमाणासह कृती जरूर कळवावी.